ज्ञानेश्वर, पठ्ठे बापूराव आणि मडी वॉटर्स



अरुण कोलटकरांना एका मुलाखतीत त्यांचे आवडते कवी-लेखक विचारले गेले. कोलटकर मुलाखतींच्या वाटेला फारसे जात नसत, आणि गेलेच तर विचारणाऱ्याची थोडी फिरकी घेत. त्यांनी एक लांबलचक यादीच ऐकवली. तीत ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, एकनाथ, तुकाराम आहेत. मर्ढेकर, एलियट, काफ्का, मांडेलश्टाम आहेत. रामजोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव आहेत. गोडसे भटजी, बहिणाबाई चौधरी, नामदेव ढसाळ आहेत. अगाथा ख्रिस्ती आहे, लॉरेल-हार्डीसुद्धा आहेत. आणि या गर्दीत सहा माणसं अशी आहेत, की ज्यांनी छापण्यासाठी म्हणून कविता लिहिली नाही: रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, लेडबेली, हाउलिन वुल्फ, जॉन ली हुकर, लाइटनिंग हॉपकिन्स. हे सगळे अमेरिकेतले काळे गवई. सगळे ब्लूज गाणारे.

ही यादी आपण अर्धी अर्धी वाचतो. मराठीचे अभ्यासक ज्ञानेश्वर-तुकारामांपाशी थांबतात, इंग्रजीचे अभ्यासक ब्लूज आणि बॉब डिलनकडे वळतात. पठ्ठे बापूराव आणि मडी वॉटर्स एकाच दमात घेणारा कवी ह्या कोल्हापुरात जन्मला, इथल्या राजाराम हायस्कूलमध्ये शिकला. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथं जमलो आहोत, ते वर्गात शेक्सपिअर शिकवत आणि संध्याकाळी पोवाडा ऐकायला जात. तेव्हा ती यादी सलग वाचण्याचा प्रयत्न याच व्यासपीठावरून व्हावा, असं मला वाटलं.

आधी ब्लूजबद्दल. ‘काळ्या लोकांची दुःखाची गाणी’ एवढ्यानं भागत नाही. अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्यानं संपली. मिसिसिपीच्या काठच्या कापसाच्या मुलखात, ज्याला डेल्टा म्हणतात तिथं, तिच्या जागी वाट्यानं शेती आली. जमीन गोऱ्या मालकाची, बियाणं त्याच्या दुकानातलं, हिशेबाची वही त्याच्याच हातात. वर्षाच्या शेवटी कूळ उलट देणंच लागायचं. या मुलखात शेतातल्या हाका, कामाची गाणी, चर्चमधली भजनं असं सगळं एकत्र मुरत होतं. १९०३ च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी नावाचा बँडमास्तर टटवायलर या आडगावच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसला होता. शेजारी एक फाटक्या कपड्यांतला माणूस गिटारीच्या तारांवर सुरी घासत एकच ओळ तीनदा गात होता. हँडीनं ते पुढं लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला ठाऊक. १९२० मध्ये मेमी स्मिथची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी निघाली आणि धडाधड खपली. मग कंपन्या गवई शोधत गावोगाव फिरू लागल्या.

रचना साधी आहे. बारा ‘बार’चं एक आवर्तन, दर बारमध्ये चार ठोके. त्यात तीन ओळी. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, आणि तिसरी ओळ त्यावर उत्तर म्हणून टाकायची. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात. गळा त्यातले साधारण अर्धे वापरतो आणि उरलेल्या जागेत गिटार बोलते. आपल्याकडे शाहिरानं कडवं टाकलं की झीलकरी ‘जी जी’ करून ते उचलतात, त्याच जातीचा हा व्यवहार आहे. एवढंच, की इथं झीलकरीही तोच आणि शाहीरही तोच. सुरांबद्दल म्हणाल तर गंधार, पंचम आणि निषाद हे ना धड शुद्ध लागतात ना धड कोमल, मधेच कुठंतरी घसरत राहतात. इथल्या देवल क्लबात गाणं ऐकून ज्यांचे कान तयार झाले, त्यांना हे दोन मिनिटांत कळेल. पेटीवर बोट ठेवून मात्र ते सापडणार नाही. (बारा बार आणि चौतालाच्या बारा मात्रा यांचा संबंध जोडणारे उत्साही लोक मला भेटले आहेत. तो निव्वळ योगायोग आहे, त्यात शिरू नका.)

कवितेच्या दृष्टीनं सगळी करामत त्या दुसऱ्या ओळीत आहे. पहिल्यांदा ओळ येते ती बातमी म्हणून. घर गेलं, बाई गेली, काम गेलं. तीच ओळ पुन्हा येते तेव्हा बातमी जुनी झालेली असते, आता फक्त सांगणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. आणि ऐकणारा तिसऱ्या ओळीची वाट पाहू लागतो. ती पुष्कळदा तिरकस असते, कधी चावट असते, कधी चक्क विनोद असतो. ब्लूजमध्ये माणूस स्वतःच्या दुःखाशेजारी उभा राहून, चेहरा न हलवता, त्याच्याबद्दल बोलतो. रडगाणं ते नव्हेच.

ही तऱ्हा छापील इंग्रजी कवितेत आणण्याचं पहिलं श्रेय लँग्स्टन ह्यूज या काळ्या कवीचं. त्याचा ‘द वेअरी ब्लूज’ हा संग्रह १९२६ चा, आणि ‘फाइन क्लोद्ज टु द ज्यू’ १९२७ चा. दुसऱ्या पुस्तकात त्यानं ब्लूजच्या रचनेबद्दल छोटी टीप दिली आणि कागदासाठी एक युक्ती केली. गाण्यातली लांब ओळ दोन तुकड्यांत मोडून तिनाच्या जागी सहा ओळींचं कडवं केलं. गाताना गिटार जिथं बोलते, तिथं कागदावर ओळ संपते आणि डोळा क्षणभर अडतो. एका हुशार माणसानं शोधलेला हा कारागिरीचा उपाय आहे, आणि पुढच्या शंभर वर्षांतल्या बऱ्याच कवितेनं तो उचलला.

ह्यूजवर तुटून कोण पडलं? काळ्यांचीच वर्तमानपत्रं. मोलकरणी, जुगारी, दारुडे, मार खाणाऱ्या बायका यांच्या तोंडची भाषा चारचौघांत का मांडतोस, आपली अब्रू का काढतोस, असा त्यांचा सूर होता. शिकलेल्या काळ्या मध्यमवर्गाला ब्लूजची लाज वाटत होती. लावणीला नाकं मुरडणाऱ्या आपल्या पांढरपेशांना हे नवं वाटायचं कारण नाही. लावणीकार रामजोशी मोरोपंतांच्या सांगण्यावरून कीर्तनाकडे वळले, ही कथा आपण किती समाधानानं सांगतो! तिकडे थॉमस डॉर्सी हा मा रेनी या ब्लूज गायिकेच्या साथीला पियानो वाजवणारा ब्लूजवाला पुढं चर्चच्या गॉस्पेल गाण्यांचा जनक ठरला. फड आणि मंदिर यांच्यामधली भिंत दोन्हीकडे तितकीच पातळ होती.

मला स्वतःला ह्यूजपेक्षा स्टर्लिंग ब्राऊन अधिक भावतो. त्याचा ‘सदर्न रोड’ हा संग्रह १९३२ चा. त्यात मा रेनीवर एक कविता आहे. गावोगावचे मजूर, नदीकाठची माणसं तिला ऐकायला लोटतात, हसतखिदळत येतात, आणि ती पुराचं गाणं म्हणते. ‘बॅकवॉटर ब्लूज’. ते गाणं बेसी स्मिथनं १९२७ च्या फेब्रुवारीत रेकॉर्ड केलं. गंमत म्हणजे मिसिसिपीचा प्रचंड पूर त्यानंतर दोन महिन्यांनी आला. गाणं आधीच्या, नॅशव्हिलच्या पुरावरचं. पण लोकांनी ते आपल्या पुराचं म्हणून घेतलं, कारण पाणी चढतं तेव्हा ते कुठल्या नदीचं याला फार अर्थ राहत नाही. ब्राऊनच्या कवितेत शेवटी एक साधा माणूस सांगतो, की ती गायली आणि लोक माना खाली घालून रडले. कवी स्वतः काही बोलतच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथली प्रयाग चिखली आणि आंबेवाडी पाण्याखाली होती, तेव्हा मी ही कविता पुन्हा वाचली. आपल्याकडे पुरावर कविता पुष्कळ आल्या. त्यांतल्या बहुतेकांत कवीच बोलत होता, पूरग्रस्त गप्प होते.

गोऱ्या कवींबद्दल थोडक्यात आटोपतो. ऑडननं १९३९ मध्ये ‘रेफ्युजी ब्लूज’ लिहिली. हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून पळालेलं एक ज्यू जोडपं, आणि तीन-तीन ओळींची कडवी. तिसऱ्या ओळीत शब्द घोळवत घोळवत एक जण दुसऱ्याला समजावतो आहे. ब्लूज आता काळ्या माणसाचं उरलं नाही, कागद नसलेल्या कोणत्याही माणसाचं झालं, असं या कवितेबद्दल म्हणता येईल. तसं म्हणताना थोडं अडखळायला हवं, हेही खरं. लार्किन वर्तमानपत्रात जॅझवर परीक्षणं लिहीत असे. केरूआकनं ‘मेक्सिको सिटी ब्लूज’ लिहिलं, त्यात ब्लूज नावापुरतंच. बेरिमननं काळ्या माणसाच्या बोलीचा मुखवटा चढवला, आणि तो अजून अनेकांना खुपतो. डिलनला २०१६ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा गाण्याला कविता म्हणावं का, या भांडणाला पुन्हा तोंड फुटलं.

आता काळा घोडा.

मुंबईच्या काळा घोडा भागात, के. दुभाष मार्गावर, वेसाइड इन नावाचं उपाहारगृह होतं. कोलटकर आणि मित्रमंडळी तिथं वर्षानुवर्षं बसत. हाकेच्या अंतरावर ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डींचं दुकान, जे २०१६ मध्ये बंद झालं. पोटापाण्यासाठी कोलटकर जाहिरातींच्या धंद्यात कलादिग्दर्शक होते, नावाजलेले होते. १९६२ मध्ये अमेरिकन कवी अॅलन गिन्सबर्ग मुंबईत आला तेव्हा त्याची या मंडळींशी गाठ पडली. पण ब्लूज कळायला त्यांना गिन्सबर्गची गरज होती असं मला वाटत नाही. त्यांनी साध्या माणसाच्या बोलीवरचे प्रयोग तेव्हाच सुरू केले होते. ‘मैं मॅनेजर को बोला’ ही मुंबईच्या हिंदीतली कविता त्यांनी इंग्रजीत नेली, ती अमेरिकन टपोरीच्या भाषेत. ऑक्सफर्डचं इंग्रजी तिथं लंगडं पडलं असतं, हे त्यांच्या कानानं ओळखलं.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना गाण्यानं झपाटलं. त्यांनी इंग्रजीत गाणी लिहिली, काही रेकॉर्ड केली. तबकडी काही निघाली नाही. त्याच सुमारास ते अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकत होते. ही दोन कामं एकच माणूस करत होता, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. एका बाजूला अमेरिकन चालीची गाणी आणि दुसऱ्या बाजूला पखवाजाचे बोल. त्यांतलं एक परकं आणि एक आपलं, असा हिशेब त्यांच्या डोक्यात असता, तर ती यादी तशी झाली नसती. ही गाणी अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी संपादित केलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ या २००९ च्या पुस्तकात आली. प्रांजळपणे सांगायचं तर ती वाचायला फिकी वाटतात. गाणं कागदावर आलं की अर्धं मागं राहतं. ह्यूजनं त्यासाठी ओळी मोडायची युक्ती काढली होती. कोलटकरांनी गाणी गाण्यासाठीच लिहिली, आणि खरं काम कवितेत केलं.

ते कुठं दिसतं? ‘काळा घोडा पोएम्स’ हा २००४ चा संग्रह पाहा. बहुतेक कविता तीन-तीन ओळींच्या कडव्यांत आहेत. लगेच ‘ब्लूजचा साचा!’ म्हणून उडी मारायचा मोह होतो. तो मोह टाळा. तिथं ओळ परत येत नाही, वाक्य एका कडव्यातून दुसऱ्यात सांडत जातं, त्याची चाल वेगळी आहे. ब्लूज शोधायचं ते बोलणाऱ्याच्या उभं राहण्यात. फुटपाथवरची बाई, कचरा, उवा, उंदराचं औषध विकणारा: यांतलं कोणी दया मागत नाही आणि कवीही त्यांच्यावर दया दाखवत नाही. ‘द बूमटाउन लेपर्स बँड’ या कवितेत महारोग्यांचा एक वाजंत्री ताफा आहे. वाद्यांचा आवाज अक्षरांत उतरतो, ठेका धरायला लावतो, आणि ठेक्यातच पुढं केलेल्या हाताकडे आपलं लक्ष जातं. आंधळे गवई अमेरिकेच्या रस्त्यारस्त्यांवर डबा टांगून गात, ब्लाइंड लेमन जेफरसनसारखे. ती परंपरा आणि आपल्या सिग्नलवरचा हा ताफा यांत कोलटकरांना काही अंतर दिसलं नसावं.

‘जेजुरी’ १९७६ चं, त्याला पुढच्याच वर्षी कॉमनवेल्थ पारितोषिक मिळालं. त्यात वाघ्याचं एक गाणं आहे आणि मुरळीचं एक. समीक्षक पुजारी, फुलपाखरू, रेल्वे स्टेशन यांवर भरभरून लिहितात, या दोन गाण्यांशी फारसे थांबत नाहीत. मला तीच संग्रहाची नाडी वाटतात. वाघ्याच्या हातात तुणतुणं, त्याला एकच तार. मिसिसिपीत गरीब पोरं केरसुणीची तार सोडवून घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांत ताणत आणि बाटली घासत वाजवत. त्याला डिडली बो म्हणत. कितीतरी गवयांचं ते पहिलं वाद्य. एका तारेवर राग मांडता येत नाही. आग्रह मात्र धरता येतो, तीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगता येते. देवाशी वाघ्याचं बोलणं तसंच आहे. त्यात भक्ती आहे, खाज आहे, थोडी दमदाटीही आहे.

आणि इथून मी माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. कोलटकरांनी जनाबाई, नामदेव, तुकाराम यांची इंग्रजी भाषांतरं केली. ती वाचताना मराठी माणूस दचकतो, कारण त्यांत सोवळं काही उरत नाही. जनाबाई रोखठोक बोलते, विठ्ठलाला धाकात ठेवते. पण मूळ अभंग चालीतून बाजूला काढून नुसता वाचा. ती तशीच बोलते! शेकडो वर्षांच्या पूजेनं आपल्या कानांवर शेंदराचा थर बसला आहे, त्यामुळे ते ऐकू येत नाही. मला वाटतं, तो थर खरवडायला कोलटकरांना मडी वॉटर्स उपयोगी पडला. शिकागोच्या गुत्त्यातला आवाज ऐकून आलेल्या माणसाला पंढरपूरचा आवाज प्रथमच रस्त्यावरचा म्हणून ऐकू आला. बळवंतबुवा हे भजन गाणारे गृहस्थ त्यांच्या संगतीत होते, ‘चिरीमिरी’ या संग्रहात ते येतात. त्या कवितांत विठ्ठलाशी जी सलगी आहे, ती डॉर्सीला सहज पटली असती. ब्लूजनं इंग्रजी कवितेला नवा विषय दिला, असं सगळे म्हणतात. कोलटकरांना त्यानं नवीन काही दिलं नाही, जुनं ऐकण्याची सवलत दिली.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. जाहिरात कंपनीत काम करणारा, रेकॉर्डी विकत घेऊ शकणारा माणूस काळ्यांच्या यातनेतून जन्मलेलं गाणं ऐकतो आणि त्यातला ठसका उचलतो. ज्यांची अवस्था त्या काळ्यांसारखी होती, त्या दलितांचं काय? त्यांनीही अमेरिकेकडे पाहिलंच होतं. म. ना. वानखेडे तिकडे शिकून आले आणि काळ्यांच्या साहित्याची चर्चा औरंगाबादला आणली. ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकानं ती पुढं नेली. १९७२ मध्ये दलित पँथर स्थापन झाली, तिचं नावच ब्लॅक पँथरवरून. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. जनार्दन वाघमारे यांचं अमेरिकन निग्रोंच्या साहित्यावरचं पुस्तक १९७८ चं. पण या वाटेनं आला तो काळ्यांचा संताप, निबंध, कादंबरी, मुक्तछंद. ब्लूज आलं नाही. का यावं? त्याची गरज नव्हती. ते घरातच होतं. बाबासाहेबांच्या चळवळीत भीमराव कर्डकांच्या जलशापासून गाणं लोकांमध्ये होतं, आणि वामनदादा कर्डक गावोगाव ते गात होते. जात्यावरच्या ओव्यांत बाबासाहेब आले. पुण्यात गी पॉयट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या लाखभर ओव्यांत अशा कितीतरी आहेत. ओवी गाणारी बाई ओळ उचलते, परत घेते, मध्ये ‘गं बाई’ घालून श्वास घेते, मग पुढं जाते. डेल्टातल्या माणसाला ही रीत शिकवावी लागली नसती.

अडचण वेगळीच आहे. तिकडे ह्यूजनं छापील कविता आणि गुत्त्यातलं गाणं स्वतःच्या एका देहात एकत्र आणलं. आपल्याकडे ही दोन कामं दोन वेगळ्या माणसांनी केली, आणि त्यांची पुस्तकं आपण वेगळ्या कपाटांत ठेवली. वामनदादा आधी मुंबईच्या गिरणीत कामाला होते. वेसाइड इनमध्ये बाबासाहेबही बसत, असं सांगतात. त्यांच्यावर रचलेली हजारो गाणी त्याच शहरातल्या चाळींत रात्ररात्र चालत. कोलटकरांनी वामनदादांना ऐकलं असेल की नाही, यावर मी काही बोलणार नाही. यादीत पठ्ठे बापूराव आहेत, वामनदादा नाहीत, एवढं दिसतं.

दोघेही २००४ मध्ये गेले. वामनदादा मे महिन्यात, कोलटकर सप्टेंबरात. आपल्या विद्यापीठांत एकावरचे प्रबंध इंग्रजी विभागात होतात आणि दुसऱ्यावरचे बहुधा लोकसाहित्यात. दोन्ही विभागांचे परीक्षक आज इथं समोर बसले आहेत, म्हणून विचारतो: दोघांना एकाच प्रबंधात घेणारा विद्यार्थी तुमच्याकडे आला, तर त्याची नोंदणी कुठल्या विभागात कराल?